निपाणीच्या ग्राहकांच्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार, वि. वि.

घरी बांधलेल्या आपल्या विमानाच्या लायकमिंग इंजिनावर, दोनपैकी एक मॅग्नेटो (बॅटरीविना ठिणगी पाडणारे यंत्र) काढून आपण आमचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच बसवला आणि अभिप्रायात त्याला दोनच तारे दिले. तपासणीच्या वेळी मॅग्नेटो बंद केल्यास इंजिनाचे मिनिटाचे फेरे जेमतेम 20 ने उतरतात, पण आमचा संच बंद केल्यास 130 ने उतरतात, ही पहिली तक्रार. आणि एका सकाळी स्टार्टर दाबताच प्रोपेलरने उलटा झटका दिला व स्टार्टर फुटला, ही दुसरी.

पहिल्या बाबतीत संचात दोष नाही. दोहोंच्या घटीत 50 पेक्षा अधिक फरक नसावा, हा दोन्ही बाजूंना मॅग्नेटो असतानाचा नियम आहे. इंजिनावर भार कमी असताना आमचा संच मॅग्नेटोच्या ठरलेल्या 25 अंशांच्याही (पिस्टन अगदी वर पोहोचायला इंजिन अजून 25 अंश फिरायचे असते, त्या क्षणाच्याही) आधी ठिणगी टाकतो, त्यामुळे मॅग्नेटोची ठिणगी पडेपर्यंत मिश्रण पेटलेले असते आणि ती बंद केल्याचे इंजिनाला फारसे जाणवत नाही. हे माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते, ही उणीव मात्र आमची.

दुसरी तक्रार खरी आहे. आपण परत पाठवलेला संच बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कार्यशाळेत मी स्वतः टेबलावर जोडला आणि व्होल्टेज हळूहळू उतरवत नेले. 9 व्होल्टपर्यंत ठिणगी जागच्या जागी पडत होती, 7.5 च्या खाली जाताच संच बंद पडून पुन्हा सुरू होई आणि पहिली ठिणगी थेट 25 अंश आधी टाकी. स्टार्टरवर इंजिन सावकाश फिरत असताना इतक्या लवकर ठिणगी पडली, तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच दाब वाढून त्याला मागे ढकलतो. जुन्या बुलेटची किक ज्यांच्या पायावर उलटी बसली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

‘बॅटरी उतरली होती, आमचा इलाज नाही,’ असे आमच्याकडून आपल्याला फोनवर सांगण्यात आले, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. थंडीत बॅटरी उतरणारच. मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही, आणि त्याच्यातील इंपल्स कपलिंग हा स्प्रिंगचा खटका इंजिन सुरू होताना ठिणगी आपोआप उशिरा टाकतो; त्याची जागा घेणाऱ्या संचाने निदान तेवढे तरी सांभाळलेच पाहिजे. प्रोपेलरजवळ माणूस उभा असू शकतो, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता व्होल्टेज कमी पडल्यास ठिणगी मुळीच पडणार नाही, असा बदल आम्ही केला आहे. ज्यांच्याकडे जुने संच आहेत, त्या सर्वांना मी स्वतः फोन करीत आहे. नवे पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये छापले आहे, कारण इंजिनावर हात चालवणारे आपल्याकडचे मेकॅनिक याच दोन भाषा वाचतात. स्टार्टरचा खर्च आम्ही देऊ. बदललेला संच बसवायला मी निपाणीला येईन. तोपर्यंत काढलेला मॅग्नेटो पुन्हा जोडल्याशिवाय कृपया इंजिन सुरू करू नये.