पुण्यात बसून : 'सागरपुत्र' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सागरपुत्र महाशय,

खोल समुद्राच्या तळावर तीन लांब काट्यांवर उभ्या राहणाऱ्या तिपाई माशावरच्या माझ्या लेखाखाली आपण टाकलेली प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सौ. म्हणाल्या, "नकाच देऊ." म्हणून देतो आहे.

आपले मुद्दे चार. इप्नॉपिडी कुलातले, म्हणजे तिपाई माशाच्या कुलातले, सगळे मासे आंधळे नसतात; बोंबील त्यांचा 'चुलतभाऊ' नव्हे; तिपाई मासा तळावर 'निवांत' उभा नसतो, तो भक्ष्य टिपत असतो; आणि चौथं वाक्य, जसंच्या तसं : "मुठेपलीकडे पाणी न पाहिलेल्यांनी पुण्यात बसून समुद्राच्या तळावर प्रवचनं झोडू नयेत."

पहिला मुद्दा मान्य. 'आंधळे' हा शब्द सरसकट वापरायला नको होता. याच कुलातल्या इप्नॉप्सच्या डोक्यावर डोळ्यांच्या जागी दोन चपट्या, फिकट पाट्या असतात. भिंग नाही, पण दृष्टिपटल आहे; चित्र उमटत नसावं, उजेड मात्र कळत असावा. एके काळी जाणकारांना ते उजेड पाडणारे अवयव वाटले होते. त्यांची चूक कितीतरी वर्षं टिकली, माझी अकरा दिवस. लेखात दुरुस्ती केली आहे. मोठेपणा मिरवत नाही, केली आहे एवढंच सांगतो.

आता चौथं.

माझं आजोळ अर्नाळ्याचं. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी आजी आम्हा पोरांना बोंबील वाळत घालायला बसवायची. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूला बांधलेल्या दोरीवर टाकायची. दात आतल्या बाजूला वळलेले आणि सुईसारखे, त्यामुळे जोडी सुटत नाही. बोटं मात्र आठवडाभर चुरचुरतात. आपण सागराचे पुत्र, तेव्हा आपली बोटंही चुरचुरली असतीलच. नसतील तर असो.

१९८१ साली नोकरीसाठी पुण्यात आलो. पेठेतल्या ज्या वाड्यात राहायला लागलो, तिथे पहिल्याच पावसाळ्यात सुके बोंबील भाजले म्हणून घरमालकांनी मला जिन्यात उभं करून घेतलं. चाळीसहून अधिक वर्षं गणेश पेठेच्या बाजारात जातो आहे. ओले बोंबील घरी आणून, चिरून, पाट्याखाली दाबून त्यांचं पाणी काढतो. ते पाणी किती निघतं हे ज्याने पाहिलंय, त्याला खोल पाण्यातल्या माशांचं मांस पाणचट आणि हाडं नाजूक असतात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुठेपलीकडचं पाणी मी पाहिलंय, महाशय. पाट्याखालून वाहताना पाहिलंय.

आणि 'बसून' या शब्दाचं एवढं वावडं असेल तर मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट गुंथरचं काय करायचं? 'चॅलेंजर' जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं, तळ खरवडून मासे घेऊन आलं. गुंथर त्या जहाजावर नव्हता. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसला होता. मासे बरण्यांतून त्याच्या टेबलावर आले आणि १८७८ मध्ये त्याने बॅथिप्टेरोइस (म्हणजे आपले तिपाई मासे) आणि इप्नॉप्स या दोन्ही प्रजातींना नावं दिली. पुढे आपल्याच समुद्रांत फिरणाऱ्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरचा डॉक्टर ॲलकॉक, म्हणजे प्रत्यक्ष लाटा खाल्लेला माणूस, त्याने १८८९ मध्ये एका तिपाई माशाचं नाव ठेवलं बॅथिप्टेरोइस गुंथेराय. बसलेल्या माणसाचं नाव! ॲलकॉकला कमीपणा वाटला नाही, आपल्याला का वाटावा?

चार हजार मीटर खाली साधारण चारशे वातावरणांचा दाब असतो. तिथे आपण गेला होतात असं प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. म्हणजे पाणबुडीतून काढलेली चित्रफीत आपण पडद्यावर पाहिलीत. मीही तीच पाहिली. आपण कुठे बसून पाहिलीत, तेवढंच विचारतो.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. बोंबील सिनोडोंटिडी कुलातला, तिपाई इप्नॉपिडीतला, हे मला ठाऊक आहे. दोन्ही कुलं ऑलोपिफॉर्मिस या एकाच गणातली. घर वेगळं, आजोबा एक, यालाच मराठीत चुलत म्हणतात. सख्खा म्हटलं असतं तर आपण ओरडायचं होतं.

तिसरा मुद्दा शब्दाचा आहे. पोटाच्या परांचे दोन आणि शेपटीच्या परातला खालचा एक, असे तीन लांब काटे चिखलात टेकवून, प्रवाहाकडे तोंड करून, छातीचे पर मिश्यांसारखे पुढे पसरून तो उभा राहतो आणि वाहत आलेले बारीक कवचधारी जीव त्या परांना लागले की टिपतो. काही जातींत हे काटे अंगापेक्षाही लांब असतात. हे सगळं लेखात होतंच. त्याला मी 'निवांत' म्हटलं. बगळाही तळ्यात निवांतच दिसतो. बगळ्यावरून मला कोणी पत्र पाठवलेलं नाही.

'वाचकांची दिशाभूल' वगैरे जे शेवटी आहे, त्याला उत्तर देण्यासारखं काही नाही. पुढचा लेख याच कुलातल्या माशांच्या एका देहातल्या दोन्ही लिंगांवर आहे, तोही पुण्यात बसूनच लिहिणार आहे. तेव्हा तयारीने या आणि जमलं तर स्वतःच्या नावाने या.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही. त्यातला 'पेठी पंडित' हा शब्द तेवढा गाळला आहे.