हिशेब कोथिंबिरीचा करावा, घराचा देवावर सोडावा

भाजीच्या गाडीपाशी उभे राहिलात की डोकं पूर्ण जागं ठेवा. कोथिंबिरीची जुडी पंधराला सांगितली तर दहापासून सुरू करा, बारावर अडून बसा, आणि ती मावशी बाराला तयार झाली की "मग त्यात चार मिरच्या टाका" म्हणा. सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करा, तिच्याआधी करा आणि मोठ्याने करा. मागच्या गिऱ्हाइकालाही कळलं पाहिजे की इथे कुणी फसणारं नाही. पावकी, निमकी, पाऊणकी आणि औटकी छडीच्या धाकाने पाठ केलेली पिढी याच प्रसंगासाठी घडवली गेली होती.

मात्र हा आवेश जपून वापरा. तीन रुपये वाचवण्यात तो खर्ची पडला की ऐंशी लाखांच्या फ्लॅटसाठी काही उरत नाही. म्हणूनच अनुभवी संसारी माणसांनी एक सोयीची रीत पाडली आहे: शंभराच्या आत पै-पैचा हिशेब, हजारांत ढोबळमान, लाखांत भरवसा आणि कोटीच्या आसपास गेलं की नुसता नमस्कार. ही रीत अंगी बाणवायची असेल तर थोडा सराव लागेल.

सराव पेट्रोलपासून करा. लिटरमागे चाळीस पैसे स्वस्त मिळतं म्हणून चार किलोमीटर लांबच्या पंपावर जा. पाच लिटर भरलं की दोन रुपये वाचले. जाऊन-येऊन आठ किलोमीटरला लिटरमागे पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटर सोळा रुपयांच्या वर पिऊन जाते, पण ते पेट्रोल आधीपासून टाकीत होतं, म्हणजे फुकटच. नंतर ठेवीकडे वळा. एका बँकेत ७ टक्के मिळत असेल आणि दुसरीत ७.२५, तर लाखाची ठेव मोडा, फॉर्म भरा, केवायसीसाठी दोनदा रिक्षाने जा आणि वर्षाला अडीचशे रुपये जास्त कमवा. तुम्ही ३० टक्क्यांच्या करपट्टीत असाल तर ७ टक्क्यांतले ४.९ च हाती राहतात, सेस धरला तर त्याहून किंचित कमी, आणि महागाई त्याच वेळी दाराशी उभी असते. हे मात्र काढायला बसू नका. पाव टक्क्याचा विजय कशाला नासवायचा?

'५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' अशी पाटी दिसली की सरळ सत्तर धरा. हजाराच्या शर्टाचे पाचशे झाले, पाचशेचे वीस टक्के शंभर, म्हणजे शर्ट चारशेला पडला आणि सूट साठच टक्के झाली, असं काउंटरवर म्हणणाऱ्या माणसाला लोक लग्नाला बोलावत नाहीत.

आता जमीन. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलं असतं, पण गावात व्यवहार गुंठ्यात बोलला जातो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. "आर म्हणजे गुंठाच की" असं कुणी म्हटलं की मान डोलवा. वीस गुंठे म्हणून पैसे मोजले आणि कागदावर वीस आर आले, तर सुमारे अडीचशे चौरस फूट जमीन हवेत विरली. शहराकडच्या एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉटच्या भावात तेवढ्या जागेची किंमत काय होते ते विचारू नका. त्याऐवजी शेजारच्या चुलतभावाने नांगर घालताना वीतभर बांध कोरला म्हणून कोर्टात जा. तिथे दोन पिढ्या तारखा पडतील, वकील बदलतील, पण बांधाची इंच-इंच मोजणी होईल. हिशेब असा मन लावून करावा.

फ्लॅट घेताना तर गणिताची वही घरीच ठेवा. माहितीपत्रकात क्षेत्र चौरस फुटांत असतं, करारनाम्यात चौरस मीटरमध्ये. ५५.७४ चौरस मीटर असं वाचलं की मनात काहीच उमटत नाही, आणि तेच बरं. फारच अस्वस्थ वाटलं तर ३.२८ ने गुणा, कारण मीटरचे फूट करायला शाळेत तोच आकडा शिकवला होता. उत्तर १८३ येईल आणि सौभाग्यवतींना चक्कर येईल. चौरसाला चौरसाने म्हणजे १०.७६ ने गुणायचं असतं आणि ते घर ६०० चौरस फुटांचं आहे, हे सेल्समन शांतपणे सांगेल. १८३ ऐकल्यानंतर ६०० इतकं ऐसपैस वाटेल की 'सुपर बिल्टअप ८४०' या आकड्यातले २४० कुठे गेले हे विचारायचं भानच राहणार नाही. ते जिन्यात, लॉबीत आणि लिफ्टच्या आजूबाजूला आहेत. विक्री चटई क्षेत्रावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच व्हावी असं घरखरेदीचा २०१६ चा रेरा कायदा सांगतो, पण कायदा वाचणाऱ्याला गॅलरीतून डोंगर दाखवत नाहीत.

किमतीचंही तसंच. ऐंशी लाख म्हणजे ऐंशी लाख. पुण्यात त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख. एकूण ९ लाख ९० हजार. घर बाईमाणसाच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, म्हणजे इथे ८० हजार रुपये. पण नावाची पाटी कशी दिसेल याचा विचार आधी करा. दहा लाखांच्या या वरखर्चाकडे काणाडोळा करून तुम्ही बिल्डरकडून मॉड्युलर किचनमधली चिमणी फुकट मिळवलीत तर सोसायटीत वर्षभर तो किस्सा सांगता येईल.

मग कर्ज. पन्नास लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ४३,३९१ रुपये. बँकेतला मुलगा फार गोड असतो, तो म्हणेल, "काका, जड वाटत असेल तर तीस वर्षांचं करू." हप्ता ३८,४४६ वर येईल. महिन्याला जवळजवळ पाच हजार वाचले! लगेच सही करा. वीस वर्षांत ५४ लाख व्याज जाणार होतं, तीस वर्षांत ८८ लाख जाईल, म्हणजे पाच हजार 'वाचवण्याची' किंमत ३४ लाख. हे त्या मुलाला ठाऊक असतं, पण तुम्ही विचारल्याशिवाय तो कसं सांगणार? तुम्ही तर फक्त "प्रोसेसिंग फी अर्धी कराल का?" एवढंच विचारलंत. ते त्याने केलंही.

वीस वर्षांचंच घेतलंत तरी पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ७,९७४. वर्षातून एकच हप्ता जादा भरला तर वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं, अशी एक अफवा आहे. गणिताने ती खरी ठरते, पण बोनस नेमका दिवाळीत येतो आणि दिवाळीनंतर गोव्याची हवा फार छान असते.

टक्का कशाचा, हे कधी विचारू नये. गावातला माणूस 'दोन टक्क्यांनी' पैसे देतो आणि बँक अकरा टक्के मागते. कोण माणुसकीला धरून आहे ते तुम्हीच ठरवा. सावकाराचे दोन महिन्याला शेकडा असतात म्हणजे वर्षाला चोवीस, आणि बँकेचे अकरा वर्षाचे, हा किरकोळ तपशील झाला. शोरूममध्ये 'फ्लॅट १० टक्के' ऐकलंत तरी खूश व्हा. लाख रुपये, तीन वर्षं, दहा टक्के दराने तीस हजार व्याज, छत्तीस हप्त्यांत भागलं की ३,६११. तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर मोजलं जातं, त्यामुळे खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. क्रेडिट कार्डाचं तर कौतुकच करायला हवं. महिना साडेतीन टक्के! साडेतीन रुपयांत हल्ली चहासुद्धा येत नाही. वर्षभर 'किमान देय रक्कम' तेवढी भरून बाकीचं पुढे ढकलत राहा. चक्रवाढीने तो दर ५१ टक्क्यांवर जातो, आणि तरी बिलावर तुमचा उल्लेख 'आदरणीय ग्राहक' असाच राहतो.

सोन्याबद्दल काही शंका घेणं पाप आहे. सोनं तोट्यात जात नाही. वीस ग्रॅमची साखळी घ्या, घडणावळ १५ टक्के म्हणजे तीन ग्रॅमचे पैसे, त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. पैसे मोजलेत साधारण २३.७ ग्रॅमचे, गळ्यात पडले २० ग्रॅम. उद्या मोड घालायला गेलात तर वीसचाच भाव होईल, तोही काही कापलं नाही तर. म्हणजे सोनं साडेअठरा टक्के चढलं की तुम्ही जिथे होता तिथे परत येता. अक्षय्य तृतीयेला घेतलं तर हे लागू होत नाही, असं सराफाच्या दुकानातल्या गर्दीवरून दिसतं. आणखी एक: आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या असं आई सांगते तेव्हा तो तोळा ११.६६ ग्रॅमचा असण्याची शक्यता आहे. आजचा तोळा दहाचा. वाटणीत धाकट्या जावेला 'चार तोळे' म्हणून चाळीस ग्रॅम दिले तर साडेसहा ग्रॅमहून जास्त सोनं शिल्लक राहतं. ते कुणाकडे, हा प्रश्न दिवाळीच्या फराळापर्यंत राखून ठेवा.

विमा नेहमी साडूकडून घ्यावा. त्याचं टार्गेट मार्चमध्ये अपुरं राहतं आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला करबचत आठवते. तो सांगेल, वर्षाला पन्नास हजार, वीस वर्षं, भरले दहा लाख, मिळाले वीस लाख. दुप्पट! वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने भरलेल्या पैशांचा हा परतावा वर्षाला साधारण ६.२ टक्के पडतो, पण साडूसमोर कॅल्क्युलेटर काढणारा माणूस सासुरवाडीत पुन्हा पुरणपोळीची अपेक्षा कशी करणार? घरात कमावतं माणूस गेलं तर कुटुंबाला किती लागेल, हा विम्यातला एकच खरा प्रश्न आहे. तो अशुभ आहे, म्हणून टाळा.

महिन्याचं बजेट जरूर करा, फक्त त्यात दर महिन्याला येणारेच खर्च लिहा. गणपती दरवर्षी अचानक येतात. जूनमधली शाळेची फी, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नसराईतले आहेर, सोसायटीच्या रंगकामाची वर्गणी, हे सगळं 'यंदा जरा एक्स्ट्रा झालं' या सदरात टाका. जानेवारीत एक्स्ट्रा, मार्चमध्ये एक्स्ट्रा, भाद्रपदात तर विचारूच नका. वर्षाची बेरीज करून बाराने भागायचा मोह होईल, तो आवरा. त्यापेक्षा अमेरिकेतून आलेला ५०-३०-२० चा नियम फ्रिजवर चिकटवा: पगाराचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के शिल्लक. हातात लाख रुपये पगार आला, गरजांचे पन्नास हजार, त्यातून ४३,३९१ चा हप्ता गेला, राहिले ६,६०९. यात किराणा, वीज, फी आणि आईची औषधं बसवा. बसत नसतील तर फ्रिजच बदला, नो कॉस्ट ईएमआयवर मिळतो. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, पण रिझर्व्ह बँकेला फ्रिज कुठे घ्यायचाय?

परदेशातल्या भाच्याचा पगार मोजताना डॉलरचे रुपये करा, त्याचं घरभाडं मोजताना करू नका. म्हणजे तो कोट्यधीश ठरतो आणि तरीही गणपतीला फक्त अकराशे एक पाठवतो, याचं सात्त्विक दुःख करता येतं.

आणि वीस लाखांचा फ्लॅट २००५ मध्ये घेतलेले काका भेटले तर त्यांना मान द्या. त्याचे आज ऐंशी लाख झाले असं ते सांगतील. चौपट! वीस वर्षांत चौपट म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट, म्हणजे वर्षाला ७.२ टक्के, त्यातून मालमत्ता कर, मेंटेनन्स आणि कर्जाचं व्याज वजा करायचं. यातलं काही तोंडून निघता कामा नये, कारण याच काकांनी सकाळी नगरसेवकाला धरून पार्किंगचे पावतीवर नसलेले दहा रुपये परत मिळवले आहेत.

एकच धोका सांगून ठेवतो. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याज आहे आणि दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं आख्खं प्रकरण आहे, जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी सगळ्यांसकट. एखाद्या रविवारी पोर गृहपाठ करता करता तुमची पॉलिसी, कर्जाचं विवरण आणि सराफाची पावती मागेल, वहीत काहीतरी मांडेल आणि म्हणेल, "बाबा, हे जरा बघा ना." वहीकडे पाहू नका. ते प्रकरण परीक्षेला किती गुणांना आहे, एवढंच विचारा.