‘नॉच’वरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मागच्या लेखात मी नॉच प्रथिनामुळे रक्ताचा कॅन्सर होतो असं लिहिलं, त्याआधी तेच बंद पडलं की त्वचेचा कॅन्सर होतो असं. ‘एकदा काय ते ठरवा, परिस्थितीवर अवलंबून म्हणणं ही पळवाट आहे.’

आधी माझी चूक. शीर्षकात मी त्याला ‘कॅन्सरचं प्रथिन’ म्हटलं होतं. ते आजच बदलतो.

दोन्ही विधानं मात्र तशीच ठेवणार आहे. नॉच पेशीच्या आवरणात बसलेला असतो. शेजारची पेशी त्याला धरून ओढते, मग तो कापला जातो आणि आत सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. कोणती जनुकं, ते त्या पेशीत आधीपासून कोणती उघडी आहेत त्यावर ठरतं. गर्भात चेतापेशी घडताना एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं होतं: एकीने जागा धरली की ती शेजारणींच्या नॉचला ओढून सांगते, तुम्ही दुसरं काही व्हा. (नॉच म्हणजे खाच. फळमाशीच्या पंखाला पडणाऱ्या खाचेवरून हे नाव आलं, शंभरेक वर्षांपूर्वी.) थायमसमध्ये, म्हणजे छातीतल्या एका ग्रंथीत, त्याच निरोपाने कोवळी पेशी टी-पेशी होते (टी आणि बी या रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती). १९९९ मध्ये उंदरांतला नॉच१ (नॉचचाच एक प्रकार) काढला, तर थायमसमध्ये बी-पेशीच तयार होऊ लागल्या.

टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच१ बिघडलेला सापडतो, हे २००४ मध्ये कळलं. तिथे निरोप थांबतच नाही. त्वचेत मात्र तोच निरोप पेशीला ‘विभागणं पुरे, आता पक्की हो’ असं सांगतो. तिथला नॉच गेला की ब्रेक गेला.

‘मग सरळ बंद करा’, असं तुम्ही म्हणता. ते करून झालंय, फक्त हेतू वेगळा होता. नॉचला कापणारी कात्री म्हणजे गॅमा-सिक्रेटेज. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिनही तीच कात्री तयार करते, म्हणून त्या रुग्णांना ती अडवणारं सेमागासेस्टॅट हे औषध देऊन पाहिलं. २०१० मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध घेणाऱ्यांची बुद्धी औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त ढासळली, शिवाय त्यांच्यात त्वचेचे कॅन्सर जास्त निघाले. ही कात्री इतरही बरीच प्रथिनं कापते, तेव्हा सगळं खापर मी नॉचवर फोडत नाही. पण नॉच१ नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर गाठी येतात, हे २००३ मध्येच छापून आलं होतं.

ल्युकेमियातही याच जातीची औषधं वापरून पाहिली. रुग्ण जुलाबांनी हैराण झाले, कारण नॉच बंद पडल्यावर आतड्यातल्या नव्या पेशी चिकट स्राव करणाऱ्याच होत सुटतात.