मुळशीच्या तळ्याच्या कामाच्या रिव्ह्यूला, काम करणाऱ्या मालकाचं उत्तर

नमस्कार मॅडम, तुमचा रिव्ह्यू काल रात्री पुतण्याने दाखवला, दोन स्टार आणि खाली "15 दिवसांचं काम 47 दिवस, रोज पावसाचं कारण, वर 14 हजार जास्तीचे". त्रास झाला त्याबद्दल आधी सॉरी. दर शनिवारी पुण्याहून एवढ्या लांब यायचं आणि तळ्याच्या जागी चिखलाचा खड्डा बघायचा, राग येणारच.

पण "पावसाचं कारण" हे फार लागलं. अहो जून-जुलैत मुळशीला पाऊस हे कारण असतं का, तिथे दुसरं असतं काय? साहेबांचा पहिला फोन आला तेव्हाच बोललो होतो, आत्ता खड्डा आणि काँक्रीट करून ठेवू, फायबर, म्हणजे पाणी गळू नये म्हणून आतून मारायचं लायनिंग, दिवाळीनंतर. तुम्हाला गणपतीला पाहुणे यायच्या आत कमळं पाहिजे होती. 15 दिवस म्हणालो हे खरं, नाही म्हणत नाही, पण ते कोरडे 15 दिवस, आणि हे मी तेव्हाच नीट बोलायला हवं होतं, काम जाईल म्हणून घाईत हो म्हणून बसलो.

लोकांना वाटतं फायबर म्हणजे शीट अंथरली की झालं. तसं नसतं. काचेची मॅट पसरायची, रेझिन म्हणजे चिकट राळ, ती घट्ट व्हायला हार्डनर मिसळून त्यात मुरवायची, रोलरने हवा काढायची, असे दोन थर, मग जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर. काँक्रीटमध्ये ओल राहिली तर रेझिन धरतच नाही, वरून चकचकीत दिसतं आणि नंतर फुगे येतात. म्हणून संध्याकाळी तळाला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवायचो आणि सकाळी उचलून बघायचो, आतून घाम आला असेल तर त्या दिवशी काम नाही. लागोपाठ 9 सकाळी घाम होता मॅडम. सुकवायला हॅलोजन लावले तर लाइट गेली, जनरेटर आणला तो माझ्या खर्चाने. त्यात जागा उताराची, खालून पाझर फुटला, तो तसाच ठेवला असता तर रिकाम्या तळ्याचं लायनिंग खालच्या पाण्याने उचललं असतं. त्यासाठी वरच्या अंगाला चर खणून खडी आणि पाइप टाकला, 14 हजार त्याचे आहेत, बिलात वेगळी ओळ आहे, साहेबांना विचारूनच केलं.

आणि आता लिहायचं नव्हतं, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून लिहितो. रविवारी दुपारी आम्ही दुसरा थर मारून जेवायला शेडमध्ये गेलो, तळ्यावर निळी ताडपत्री बांबूला ताणून बांधलेली होती. परत येतो तर ताडपत्री सोडलेली, तुमच्याकडची मंडळी कठड्यावर बसून फोटो काढतायत आणि एक सर आलेली. पाच मिनिटांचीच असेल, पण ओल्या रेझिनवर पाणी पडलं की ते दुधासारखं पांढरं पडतं, मग नुसतं सुकवून भागत नाही. निम्मा तळ ग्राइंडरने खरवडला, पोरांच्या अंगाला काचेची खाज दोन दिवस जात नव्हती, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. त्याचा एक रुपया लावला नाही की तुम्हाला बोललो नाही, पाहुण्यांसमोर कशाला म्हणून. 47 मधले 8 दिवस ते आहेत.

भातलावणीला माझी दोन पोरं 4 दिवस गावी गेली, ती चूक माझी, मी निदान फोन तरी करायला हवा होता. फोन उचलला नाही म्हणता तेही दोनदा झालंय, हात रेझिनमध्ये असले की उचलता येत नाही. वास राहिलाय म्हणता तो कमी होईल, पण मासे सोडायच्या आधी तळं दोनदा भरून रिकामं करायचंय, हे परत सांगतो. भोसरीत केमिकलच्या टाक्यांना लायनिंग मारत हे काम शिकलो, 11 वर्षं झाली, गळलं म्हणून आजवर कोणी बोलावलेलं नाही. तुमचंही गळत नाहीये, हे रिव्ह्यूमध्ये कुठे आलं नाही.

यापुढे कोटेशनवर पावसाचं काहीतरी लिहून देऊ आणि फोनचंही बघतो. पायरीजवळचा कोपरा खरखरीत राहिलाय तो उघडीप मिळाली की येऊन घासून देतो, पैसे नाहीत. आणि रिव्ह्यूतल्या तिसऱ्या फोटोत मागे सरपणावर झाकलेली निळी ताडपत्री दिसतेय ना, ती आमची आहे, त्या दिवशी घेऊन जाईन.