‘अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस’ या रिव्ह्यूला गॅरेज मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी दोन दिवस आमच्याकडे राहिली आणि आपल्याला पुण्याला एसटीने जावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

आपण लिहिलंय की क्रूझ कंट्रोलचा रडार सेन्सर (पुढची गाडी किती लांब आहे ते बघून गाडीचा वेग आपोआप सांभाळायला लागतो तो) बदलायला अर्धा तास लागतो, आम्ही दोन दिवस घेतले, वर कॅलिब्रेशनच्या नावाखाली साडेसहा हजार लावले आणि आठवड्याच्या आत डॅशबोर्डवरची वॉर्निंग परत आली. शेवटी ‘लुटारू’ असा शब्द वापरलाय. किमतीवरून गिऱ्हाईक बोलतं, त्याचा राग नाही. पण अर्ध्या तासाबद्दल मला बोलणं भाग आहे. आपला रिव्ह्यू वाचून दोघांनी ठरलेलं काम रद्द केलं आणि दोघांनीही फोनवर हेच विचारलं.

बंपर उतरवायचा, जुना सेन्सर काढायचा, नवा लावायचा, एवढंच काम धरलं तर फार वेळ लागत नाही, हे खरं आहे. यूट्यूबवर तेवढंच दाखवतात. पण नुसता लावलेला सेन्सर गाडीला कामाचा नसतो. आपल्या गाडीत तो आधी स्कॅनरने चॅसी नंबरशी जोडून घ्यावा लागतो. मग त्याची नजर सरळ करावी लागते, त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. सेन्सर फक्त एक अंश बाजूला वळलेला असला, तर शंभर मीटरवर तो पावणेदोन मीटर चुकीच्या जागी बघतो. हायवेची एक लेन साडेतीन मीटरची असते, म्हणजे अर्धी लेन गेली. ताशी शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास अठ्ठावीस मीटर धावते. त्या वेगात शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असं समजून गाडीने ब्रेक मारला तर मागच्याने काय करायचं? आणि पुढचा ट्रक तिला दिसलाच नाही तर? आत आपली माणसं बसलेली असतात. असली गाडी मी अर्ध्या तासात आपल्या हातात देणार नाही, कुणी कितीही स्टार कापले तरी.

पहिला दिवस कुठे गेला तेही सांगतो. गाडी कुठे लागलेली नाही असं आपण काउंटरवर सांगितलं होतं. बंपर काढल्यावर सेन्सरचं ब्रॅकेट वाकलेलं निघालं आणि बंपरच्या आतून पुट्टी मारलेली दिसली. हे आपल्याआधी कुणी केलं असेल, मी आपल्यावर आळ घेत नाही. पण या रडारची लहर जेमतेम चार मिलिमीटरची असते, त्यामुळे सेन्सरसमोर दोन मिलिमीटर पुट्टीचा थरसुद्धा तिला अडवतो. ती घासून काढली, ब्रॅकेट नवं टाकलं. मग व्हील अलाइनमेंट. तीसुद्धा बिल वाढवायला केली असं आपण म्हणता, पण रडार बॉडीच्या मध्यरेषेवर लावून भागत नाही, गाडी प्रत्यक्षात ज्या रेषेत धावते तिच्यावर लावावा लागतो. मागची चाकं तिरकी ओढत असतील तर ती रेषाच तिरकी असते. आपल्या गाडीची थोडी तिरकी होती. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट बिलाला जोडलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी टार्गेट लावलं, म्हणजे सेन्सरची नजर सरळ करायला गाडीसमोर फ्रेमवर उभा करायचा फलक. त्याला सपाट फरशी लागते, गाडीसमोर मोकळी जागा लागते आणि आसपास लोखंडी काही चालत नाही. आमची शेड उद्यमनगरातली, गल्ली केवढी आहे ते आपण पाहिलंच आहे. आपल्या एका गाडीसाठी बाकीच्या गाड्या पावसात बाहेर काढल्या, रॅकसुद्धा हलवले. काही गाड्यांचं काम टार्गेटवरच भागतं. आपल्या गाडीला त्यानंतर रस्त्यावर एका वेगाने चालवूनही दाखवावं लागतं. संध्याकाळी आमचा पोरगा गाडी घेऊन हायवेला गेला, तर मुसळधार पाऊस. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे ठिकठिकाणी डायव्हर्जन, एक वेग कुठे धरताच येईना. तो परत आला आणि पहाटे, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, पुन्हा गेला. तेव्हा कॅलिब्रेशन पूर्ण झालं. पहाटे उठून गेलेल्या त्या पोराने आपला रिव्ह्यू माझ्याआधी वाचला, साहेब.

जुना सेन्सर दुरुस्त का केला नाही, असंही आपण विचारलंय. वायरिंग, कनेक्टर, सप्लाय, सगळं आधी तपासलं. तिथे दोष असता तर नवा पार्ट मागवलाच नसता. नुसता चिखल पुसून किंवा कनेक्टर साफ करून वॉर्निंग गेलेल्या गाड्या आम्ही एक रुपया न घेता परत पाठवतो, जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. आपल्या सेन्सरच्या आत पाणी शिरलं होतं. तो सीलबंद डबा असतो. फोडून वाळवून चिकटवून देणारे आहेत, पण पुढच्या पावसाळ्यात तो ऐन हायवेवर बंद पडला तर जबाबदार कोण? सेन्सर कंपनीच्या काउंटरवरून छापील किमतीला आणला, त्याचं बिल आपल्याकडे आहे. साडेसहा हजार त्या टार्गेटचे, फ्रेमचे आणि दरवर्षी पैसे भरून घ्याव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहेत. फ्रेमचा बँकेचा हप्ता अजून चालू आहे.

आता परत आलेल्या वॉर्निंगबद्दल. आपण रिव्ह्यूसोबत टाकलेल्या फोटोत गाडीच्या पुढे स्टीलचा गार्ड दिसतो, बरोबर सेन्सरच्या समोर. तो आम्ही काढून डिकीत ठेवला होता. डिलिव्हरी घ्यायला आपले चिरंजीव आले होते. गार्ड परत लावू नका, रडार अडतो, असं त्यांना सांगितलं आणि जॉब कार्डवर लिहून खाली त्यांची सही घेतली. निरोप आपल्यापर्यंत पोचला नसावा. पुढचे असले गार्ड काढायला लावा, असं केंद्र सरकारनेही डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. एअरबॅगला आणि समोरून चालत येणाऱ्या माणसाला त्याचा धोका असतो. म्हणजे फक्त रडारपुरता हा विषय नाही.

हे गॅरेज माझ्या वडिलांनी उभं केलं. इथे नवीन गाड्यांची कामं सुरू केली तेव्हा लोक म्हणाले, रडारबिडार शोरूमवाल्यांना करू दे, तू ब्रेक-क्लच बघ. तरीही शिकलो, पोरांना शिकवलं. लुटायचंच असतं तर सेन्सर लावून, वॉर्निंग तात्पुरती पुसून, त्याच दुपारी चावी दिली असती. आपण खूशही झाला असता.

वेळेचा अंदाज यापुढे गिऱ्हाइकाला आधी नीट सांगायचा प्रयत्न राहील, काउंटरवर तसा बोर्डही लावायचा विचार आहे.

आपण गार्ड काढून गाडी घेऊन या. स्कॅन करून देतो, रस्त्यावर चालवूनही दाखवतो, पैसे नाहीत. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी लवकर या, तेव्हा शेड रिकामी असते. वॉर्निंग गेली तर रिव्ह्यूमध्ये तेवढं एक वाक्य घाला, एवढीच विनंती.

आपला,
गॅरेज मालक, उद्यमनगर, कोल्हापूर