किनारा जोडताना शून्य विचारू नये

समुद्रतळाचा नकाशा आणि किनाऱ्यावरच्या जमिनीचा नकाशा एकत्र जोडण्याचे काम आपल्या गळ्यात पडले असेल, तर सल्ला आम्हां वैदर्भीयांचाच घ्यावा. आमच्या रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची ३०० मीटरच्या घरात रंगवलेली आहे. आपली चूक झाली तरी पाणी आमच्या पायाला लागत नाही, म्हणून आमचे मत निःपक्षपाती असते.

शून्य कुठे धरले, हे मात्र कुणालाही विचारू नये. जमीन मोजणारे सरासरी समुद्रपातळीला शून्य मानतात, आणि सागरी नकाशे करणारे ओहोटीच्या जवळजवळ सर्वांत खालच्या पातळीला, कारण खडकावर कमीत कमी किती पाणी सापडेल, याचीच जहाजाच्या कप्तानाला काळजी असते. मुंबईच्या अपोलो बंदरापाशी या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर पडते. एवढ्यासाठी देहरादूनला पत्र धाडू नये. जमिनीचे नकाशे करणारा भारतीय सर्वेक्षण विभाग आणि सागरी नकाशे करणारे राष्ट्रीय जलआलेखन कार्यालय ही दोन्ही त्याच शहरात, समुद्रापासून आमच्यासारखीच सुरक्षित अंतरावर आहेत. आपण दोन्ही नकाशांच्या कडा सरळ चिकटवाव्यात आणि मध्ये उगवलेल्या पायरीला नैसर्गिक कडा म्हणावे.

उथळ पट्टा तर कोराच सोडावा. तळ घासेल म्हणून सर्वेक्षणाचे जहाज तिथे येत नाही, आणि चिखलात रुतेल म्हणून मोजणीदार उतरत नाही. विमानातून हिरवा लेसर सोडून तळ मोजता येतो खरा, पण खाडीच्या गढूळ पाण्यात तो उजेड फार खोल जात नाही, ही सबब हाताशी असू द्यावी. वादळात लाट नेमकी याच पट्ट्यावरून गावात शिरते. ते गावकऱ्यांना ठाऊकच असते, त्यांच्यासाठी नकाशा कशाला हवा?

आमचा या कामातला सराव जुना आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, ढिवर, म्हणजे मासे धरणारा, बांबू बुडवून पाण्याच्या वरच्या पातळीपासून खोली सांगतो, पाटबंधाऱ्याचा माणूस सांडव्याच्या माथ्यापासून मोजतो, आणि शेतकरी आपल्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून. तिघांचे आकडे कधी जुळत नाहीत आणि तिघेही बरोबर असतात. वैशाखात पाणी मागे सरले की उघड्या गाळात, जिथे एका कागदावर पाणी आहे आणि दुसऱ्यावर मासे, तिथे काकडीचे वेल पसरतात. वेलांना गडव्याने पाणी घालणाऱ्या एका बाईला मी विचारले, हे वावर कुणाचे? मान वर न करता ती म्हणाली, “पाणी येयेपर्यंत माह्यंच आहे जी.”