क्लच प्लेट घरीच बदला, त्यात काय एवढं!

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं आणि गाडी रांगते? मग क्लच गेलाच म्हणून समजा. निदानाच्या फंदात पडू नका. केबलचा क्लच असेल तर पॅडलला थोडा मोकळा खेळ उरलाय का, हे हाताने दाबून पाहायला अर्धं मिनिट पुरतं. केबल ताणलेली असली की धडधाकट प्लेटही घसरते आणि केबलचा नट थोडा सैल केला की भागतं. पण मग रविवार कसा घालवायचा?

गॅरेजवाला प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पॅडल दाबलं की तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट घाला म्हणतो. लुटारू मेला! तुम्ही एकटी प्लेट आणा. बेअरिंग पुढे किरकिरू लागलं की त्याच्यासाठीही गिअरबॉक्सच उतरवायचा असतो. हात बसलेला असेलच.

उचललेली गाडी तोलून धरणारे जॅक-स्टँड हे भित्र्यांचे लाड. डिकीतला जॅक पंक्चरपुरता दिलेला असतो, पण कलंडायच्या आधी तो हाक मारतो असा विश्वास बाळगा आणि बिनधास्त खाली शिरा. बॅटरीची निगेटिव्ह तारही राहू द्या. स्टार्टरच्या जाड वायरीला पाना लागला की दिवाळी होते, सोसायटीतली पोरं खूश.

गिअर ऑईल आधी सोडू नका. चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट उपसला की त्याच भोकातून ते आपसूक तुमच्या बाहीत उतरतं. सोडणारच असाल, तर भरायचा बोल्ट सुटतो की नाही हे न बघता खालचा खोला. वरचा गंजून बसला असेल तर दोन लिटर ऑईल भरायचं कुठून, हे कोडं संध्याकाळी सोडवायला बरं.

खरी कला जोडताना लागते. प्लेट मधोमध धरायला सेंटरिंगचा दांडा मिळतो. तो घेऊ नका, नजरेवर विसंबा. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना, म्हणजे स्प्लाइनला, ग्रीस पुसटसं लावायचं असतं, तुम्ही सढळ हाताने थापा. ते उडून प्लेटच्या घासणाऱ्या थरावर, म्हणजे लायनिंगवर गेलं की नवी प्लेट जुनीसारखीच घसरते, ओळखीचं वाटतं. मग गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळत ठेवून चहाला जा, म्हणजे प्लेटचा मधला भाग, हब, वाकतो. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये दोन बोट फट राहिली तर ढकलून-हलवून बसवत बसू नका, बोल्ट आवळून ओढा. हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाचा, बोल्टचा कान ॲल्युमिनियमचा असतो. मोडताना छान आवाज करतो.

प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’, म्हणजे इंजिनच्या जड चाकाकडची बाजू, असं छापलेलं असतं. तिकडे दुर्लक्ष केलंत तर स्प्रिंगांचा फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो, पॅडल तळाला टेकवलं तरी क्लच सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना अख्खी गल्ली खिडकीत येते. घाबरू नका. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायला निम्माच वेळ लागतो, आणि या खेपेला बाहीत येणारं ऑईल कोरं करकरीत असतं.